परकार सरांनी दिलेला अमान

परकार सर रोज सकाळी भूमध्य समुद्र आखीत. शाळेच्या अंगणातील वाळू आधी फळीने सपाट करायची, मग काठीच्या टोकाने इटलीचा बूट काढायचा, आफ्रिकेचा काठ ओढायचा आणि जिब्राल्टरची सामुद्रधुनी बरोबर पाण्याच्या नळापाशी आणून सोडायची, असा त्यांचा क्रम ठरलेला होता. कॉर्डोबा म्हणजे एक पांढरा शिंपला, बगदाद म्हणजे डब्याचे पत्र्याचे झाकण आणि फ्रँक लोकांचा, आजच्या फ्रान्सकडचा सारा मुलूख म्हणजे स्वयंपाकघरामागून आणलेले कोळसे. दुपारी उत्तरेचा वारा सुटे आणि संध्याकाळपर्यंत हे सारे जग पुसले जाई. दुसऱ्या दिवशी सर शांतपणे म्हणत, "चला, आज पुन्हा समुद्र भरू या."

मी त्या शाळेत गणित शिकवीत होते. माझे पती तेल कंपनीत नकाशे काढण्याच्या कामावर होते आणि त्यांच्याबरोबर मी कतारमधल्या दोहाला आले होते. साठच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षे. हिंदुस्थानी आणि पाकिस्तानी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आपल्याच लोकांच्या एका समितीने चालवलेली ती लहानशी शाळा प्रवाळाच्या दगडांनी बांधलेल्या एका जुन्या घरात भरत असे. घर भाड्याचे होते. घरमालक अबू सालेम हा मोत्यांच्या व्यापारात हयात घालवलेला म्हातारा शेजारच्याच गल्लीत राही आणि संध्याकाळी दारापुढच्या कट्ट्यावर बसे.

इस्माईल परकार हे मूळचे खेड तालुक्यातले. तिकडच्या एका हायस्कुलात त्यांनी इतिहास शिकवला होता. अंगाने किरकोळ, आवाज मात्र मोठा आणि खणखणीत. वर्गात शिरताना ते मनगटावरचे घड्याळ काढून खिशात टाकीत. मी एकदा कारण विचारले, तर म्हणाले, "बाई, हातात विसाव्या शतकाचा काटा फिरत असला की आठव्या शतकात शिरता येत नाही." आणि मग स्वतःच हसले. आपल्या विनोदाला सर्वांत आधी आपण हसायचे, ही त्यांची खोड होती. मासळीबाजारात हमूर मासा घेताना त्याचे कल्ले उचलून पाहत आणि कोळ्याला विचारीत, "हा कधी धरला? कोणी धरला? तू पाहिलंस का धरताना?" कोळी वैतागे. सर मला म्हणत, "बघा, पुराव्याला कोणी तयार नाही."

हा त्यांच्या शिकवण्याचा कणा होता. कोणतीही गोष्ट सांगून झाली की मुलांनी एका सुरात विचारायचे, "सर, कोणी सांगितलं?" आणि सरांनी नाव सांगायचे. तेवढ्यावर भागत नसे. "आता पुढचा प्रश्न?" ते विचारीत. मुले ओरडत, "तो कोणाच्या पंगतीला जेवला?" इतिहास लिहिणारा माणूस कोणाचे अन्न खात होता हे कळले, की त्याने काय वाढवले आणि काय गाळले असेल याचा अदमास घेता येतो, असे त्यांचे म्हणणे. फ्रँकांचा सरदार चार्ल्स आणि अरबांचे सैन्य यांची फ्रान्सच्या मध्यभागी झालेली लढाई त्यांनी अशीच शिकवली. अर्धा वर्ग कोळशांच्या बाजूला, अर्धा शिंपल्याच्या. लढाई संपल्यावर म्हणाले, "फ्रँकांच्या लेखी हा डोंगर आहे. अरबांच्या लेखी वाटेतला खडा. खरं काय? दोन्ही पंगतींत बसून या, मग बोलू."

शार्लमेन बादशहा म्हातारपणी अक्षरे गिरवायला शिकत होता आणि त्यासाठी पाट्या उशाखाली ठेवून झोपत होता, हे सांगितल्यावर वर्गातला सर्वांत द्वाड मुलगा म्हणाला, "सर, मग मलाही बादशहा करा. माझंही अक्षर येत नाही." सरांनी त्याला लगेच बाकावर उभे केले, बगदादच्या खलिफाने त्याच शार्लमेनला हत्ती पाठवला होता हे सांगितले आणि वर्गातल्या जाड्या कासिमला हत्ती करून त्याच्यासमोर आणले. "आता हा हत्ती आल्प्स चढवून दाखव," ते म्हणाले. त्या तासाला मी शेजारच्या वर्गात अपूर्णांक शिकवीत होते, पण माझा एकही विद्यार्थी माझ्याकडे पाहत नव्हता.

अशा माणसावर विश्वास ठेवायला कारण लागत नाही. आम्ही तो ठेवला.

आम्ही म्हणजे मी आणि उस्ताद यूसुफ. यूसुफ शाळेत अरबी शिकवीत. मूळचे पॅलेस्टाइनमधल्या याफाचे. घर, बाग, गाव सारे मागे टाकून लहानपणी निघाले होते आणि दोन-तीन देश ओलांडून दोहाला पोहोचले होते. पत्नी, एक लहान मुलगी सलमा आणि एक तान्हे मूल एवढा संसार. ते आणि परकार सर मोडक्या इंग्रजीत बोलत आणि अडले की हातांनी बोलत. दोघांची मैत्री एका नदीवरून जुळली होती.

ती हकीकत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यातून निघाले. उमय्या घराण्याची खिलाफत उलथवून अब्बासी घराणे सत्तेवर आले, तेव्हा पराभूत घराण्यातल्या माणसांना एका अब्बासी सरदाराने जेवायला बोलावले. त्यांना अमान दिला होता. अमान म्हणजे अभयाचा शब्द. तो दिला की समोरचा माणूस शत्रू असला तरी त्याच्या केसाला धक्का लावायचा नाही. पाहुणे त्या शब्दावर आले आणि ताटावर बसलेले असताना मारले गेले. हे घडले पॅलेस्टाइनमधल्या अबू फुत्रुस नावाच्या नदीकाठी. सर हे शिक्षकांच्या खोलीत सांगत होते. यूसुफनी चहाचा पेला खाली ठेवला. "ही आमची औजा," ते म्हणाले. "याफाच्या उत्तरेला. तिच्या काठी आम्ही संत्री खायला जायचो. वडील ही गोष्ट तिथेच सांगत."

"तिथे? त्याच जागी?" परकार सर उठून उभे राहिले. पुस्तकातली नदी पाहिलेला माणूस त्यांना प्रथमच भेटला होता. त्या दिवशी त्यांनी पात्र किती रुंद, काठावर झाडे कोणती, पाणी कोणत्या रंगाचे, हे सारे विचारून घेतले. यूसुफ सांगताना एकदा थांबले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण प्रश्न थांबवले नाहीत.

वार्षिक संमेलनासाठी सरांनी यावरच नाटक लिहिले. पहिल्या प्रवेशात मेजवानी. दुसऱ्यात त्याच घराण्यातला तरुण राजपुत्र अब्दुर्रहमान आणि त्याचा धाकटा भाऊ युफ्रेटिस नदीत उडी टाकतात. काठावरचे शिपाई ओरडतात, "परत या, तुम्हाला अमान आहे." दमलेला धाकटा परततो आणि काठावर मारला जातो. थोरला पैलतीरी पोहोचतो आणि शेवटच्या प्रवेशात कॉर्डोबाला स्वतःचे राज्य उभारतो. लेखन सरांचे. शिपायांच्या तोंडची चार-दोन अरबी वाक्ये यूसुफनी नीट करून दिली. पडदे आणि मुकुट माझ्याकडे होते.

प्रयोगाला पालक आले, समितीचे अध्यक्ष हाजीसाहेब आले. हे रत्नागिरीकडचे कंत्राटदार. आपल्या मुलुखातल्या पुष्कळ माणसांना त्यांनीच इकडे आणले होते. शाळेतले बहुतेक शिक्षक त्यांच्याच कागदांवर, त्यांच्या जामिनावर त्या देशात राहत होते. पहिल्या रांगेत मधोमध अबू सालेम नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. मेजवानीचा प्रवेश सुरू झाला. यजमान टाळी वाजवतो, पडद्यामागून शिपाई येतात आणि पाहुणे ताटांवर कोसळतात. जाडा कासिम फारच खरा कोसळला. त्याच क्षणी अबू सालेम उठले आणि नातवाला घेऊन बाहेर निघून गेले. ते परतले नाहीत.

नाटक पुढे चालले, पण हाजीसाहेबांचे लक्ष रिकाम्या खुर्चीकडे होते. पडदा पडताच ते पडद्यामागे आले.

"परकार, ह्या काय केलंव तुमी? म्हातारा उठून गेला मां! ज्यांचा मीठ खातो, त्यांच्यासमोर यजमान पाहुण्यांका मारतो असा दाखवायचा? अरबांच्या देशात? अरबांच्या तोंडावर?"

"हाजीसाहेब, इतिहास हा—"

"इतिहास गेला खाडीत! उद्या घर खाली करा म्हणाला तर शाळा काय वाळूत भरवशात?"

परक्या देशात पोट भरणाऱ्या माणसांचे एक गणित असते. यजमान रागावला आहे की नाही, हे ते विचारीत नाहीत. तो रागावला असेल असे धरून ते आपल्यातलाच कोणी तरी आधीच पुढे करतात. अबू सालेमांकडे जाऊन "आपण का उठलात?" असे विचारायचे कोणालाही सुचले नाही. मी ते सुचवले, तेव्हा हाजीसाहेब म्हणाले, "बाई, असल्या गोष्टी विचारायच्या नसतात. समजून घ्यायच्या असतात."

दुसऱ्याच दिवशी यूसुफ शाळेत आले नाहीत. ते बायको-मुलांसह किनाऱ्यावरच्या अल वक्रा गावी गेले होते. तिथे त्यांच्या गावचा एक माणूस लाँचची इंजिने दुरुस्त करी. त्याच्या ओळखीने सरकारी शाळेत जागा मिळण्यासारखी होती. अट एकच होती. आमच्या शाळेतून त्यांनी आपणहून राजीनामा दिलेला असावा, काढलेले नसावे. शाळेत आरडाओरड झाली की परका अरब माणूस आधी सापडतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. राजीनामा देऊन मोकळे व्हायचे त्यांनी ठरवले होते.

परकार सर अल वक्राला निघाले तेव्हा मी आणि माझे पती बरोबर होतो. गाडी आमची होती. किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवल्या होत्या आणि यूसुफ एका होडीच्या सावलीत सलमाला घेऊन बसले होते.

"राजीनामा देऊ नकोस," सर म्हणाले. "तू निघून गेलास तर तूच दोषी ठरशील. नाटक माझं आहे. मी समितीपुढे तसं सांगणार आहे."

"तुम्ही सांगाल. ते ऐकतील का?"

"ऐकतील. माझ्या मुलुखातले आहेत."

यूसुफच्या पत्नी किनाऱ्यालगतच्या घराच्या दारातून अरबीत काही म्हणाल्या, त्याचा सूर "जाऊ नका" असा होता. एवढा अर्थ मला भाषा न येताही कळला. मग सर हसले आणि म्हणाले, "अरे, मी तुला अमान देतो. यल्ला, चल."

यूसुफही हसले. हात झटकून उठले आणि आमच्याबरोबर परत आले.

समितीची बैठक शाळेतच, सहावीच्या वर्गात झाली. यूसुफना बाहेर अंगणात बसवले होते. आत हाजीसाहेब, समितीचे दोन सभासद, परकार सर आणि पडद्यांचा हिशेब द्यायला बोलावलेली मी. बोलणे आपल्याच भाषेत चालले होते.

"नाटक कोणाचा?" हाजीसाहेबांनी विचारले.

"परकार सरांचं," मी म्हणाले. सर बोलायला उठतील अशी माझी खात्री होती. मी फक्त सुरुवात करून दिली.

"ता म्हायत हाय. ती मेजवानी कोणाच्या डोक्यातली? परकार, तुमी कोकणातले. तुमका ती नदी, ता जेवण कोणी सांगितला?"

वर्गात बोलत तशाच स्वच्छ, खणखणीत आवाजात सर म्हणाले, "त्या नदीची माहिती उस्ताद यूसुफ यांनी दिली. ती त्यांच्या गावाजवळची आहे. अरबी वाक्येही त्यांनीच पाहिली."

मी लगेच म्हणाले, "हा प्रसंग इतिहासाच्या पुस्तकांत आहे. सरांनी तो आधीच वाचलेला होता."

"बाई, तुम्ही गणित बघा," हाजीसाहेब म्हणाले.

मी सरांकडे पाहिले. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर पुरे होते. 'होय, वाचला होता' एवढेच. ते फळ्याकडे पाहत राहिले. तिथे माझाच एक भागाकार अर्धवट राहिला होता.

मी नंतर त्या वाक्यांची पुष्कळदा तपासणी केली आहे, जशी मी मुलांच्या उत्तरांची करीत असे. माहिती यूसुफनी दिली होती. नदी त्यांच्या गावाजवळची होती. अरबी वाक्ये त्यांनी पाहिली होती. तिन्ही विधाने खरी होती. साधन कोणते, सांगणारा कोण, हे नाव घेऊन सांगण्याची जी शिस्त त्यांनी आम्हा सर्वांना लावली होती, ती त्यांनी त्या दिवशीही पाळली. खोटे न बोलता माणूस बुडवता येतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. माझी समजूत अशी होती की विश्वासघाताला निदान एक तरी असत्य लागते.

यूसुफना काढून टाकण्यात आले. तसा शेरा असलेल्या माणसाला सरकारी शाळा घेईना आणि हाजीसाहेबांनी जबाबदारी सोडल्यावर देशात राहायला आधार उरला नाही. कुवेतला त्यांच्या पत्नीचे कोणी दूरचे नातलग होते. तिकडे जाण्याखेरीज मार्ग नव्हता. आतल्या खोलीत काय झाले ते यूसुफना कोणीच सांगितले नाही. निर्णय मात्र परकार सरांनी स्वतः बाहेर येऊन त्यांना कळवला. मी खिडकीतून पाहिले. दोघे वाळूत उकिडवे बसले होते आणि सरांचा हात यूसुफच्या पाठीवर होता.

मला वाटले, घाईत, भीतीने, हाजीसाहेबांच्या नजरेखाली तोंडून गेले असेल. भीतीला मी पुष्कळ गुण द्यायला तयार होते. सरांच्या घरी खेडला म्हातारी आई आणि दोन उपवर बहिणी होत्या, त्यांना आधार सरांच्या पगाराचाच होता. पण त्याच आठवड्यात अबू सालेम शाळेत आले.

बरोबर नातू होता. शाळेचा शिपाई थोडे अरबी जाणत असे, त्याने भाषांतर केले. म्हातारा म्हणाला, की त्या दिवशी हे पोर भोकाड पसरून रडू लागले म्हणून मला उठावे लागले. घरी नेऊन झोपवले. आता रोज उठून मागे लागले आहे, की तो जाडा मुलगा कसा मेला ते पुन्हा दाखवा. तेव्हा माझ्या मजलिशीत, पाहुण्यांच्या बैठकीत, एकदा तो खेळ करा, कॉफी माझ्याकडे.

"आणि मेजवानीचा प्रवेश?" मी विचारले. "त्याचा राग नाही आला?"

शिपायाने विचारले. अबू सालेम चकित झाले. "ती गोष्ट मला माझ्या आजीने सांगितली होती," ते म्हणाले. "तुम्हा लोकांना कुठून कळली?"

मी धावत परकार सरांच्या वर्गात गेले. मुले बाहेर खेळत होती, सर एकटेच होते. मी सारे सांगितले. "आत्ताच्या आत्ता हाजीसाहेबांकडे चला," मी म्हणाले. "कुवेतची लाँच सुटायला अजून अवकाश आहे. हे ऐकल्यावर त्यांना शेरा मागे घ्यावाच लागेल. तुम्ही एवढंच सांगा, की तो प्रसंग तुम्ही निवडला."

सरांच्या तोंडी एकदम घरची बोली आली. माझ्याशी ते कधी तसे बोलले नव्हते.

"आता खलास, बाई. हाजीसाहेबांनी एकदा केलेला परत फिरवला, तर त्यांची शोभा होईल. आणि मग ते विचारतील, परकार, तेव्हा का नाय बोललंव?"

"विचारतील. मग सांगा."

"काय सांगू?"

"जे असेल ते."

त्यांनी मान हलवली. नकार म्हणून नव्हे, होकार म्हणूनही नव्हे. बाहेर मुले ओरडत होती. ते उठले, घड्याळ खिशातून काढून मनगटावर बांधले आणि म्हणाले, "माझा तास संपला."

मी एकटी हाजीसाहेबांकडे गेले. त्यांनी मला चहा दिला, ऐकून घेतले आणि म्हणाले, "परकार म्हणाला तर बघू." बैठकीत सर जे बोलले ते भीतीपोटी होते, असे मी आजही धरते. या दिवशी मात्र भीतीचे कारण शिल्लक नव्हते. दार उघडे होते आणि त्यातून जायला फक्त थोडी लाज सोसावी लागणार होती. पहिल्या दिवशीचे मी विसरले असते, हे विसरता येत नाही.

लाँच सकाळची होती. धक्क्यावर मी गेले ती यूसुफच्या पत्नीला शिवलेली झबली द्यायला. परकार सर माझ्या आधीच आले होते. सामान म्हणजे दोन पेट्या आणि एक गाठोडे. ते त्यांनी स्वतः वाहून खाली उतरवले. सलमाला उचलून त्यांनीच लाँचमधल्या माणसाच्या हातात दिले.

यूसुफ तेवढे लाँचमध्ये उतरायचे राहिले होते. त्यांनी सरांचे दोन्ही खांदे धरले आणि दोन्ही गालांवर ओठ टेकले. मग माझ्याकडे वळून त्यांच्या इंग्रजीत म्हणाले, "सिस्टर, तुम्ही साक्षीदार आहात. हे माझ्यासाठी आत जाऊन भांडले." पुन्हा सरांकडे पाहून म्हणाले, "मी वक्राहून परत आलो ते बरंच झालं, इस्माईल. नाही आलो असतो तर मला वाटत राहिलं असतं, की माझ्यासाठी कोणीच उभं राहिलं नसतं."

माझ्या जिभेवर शब्द आला होता. पण तो माणूस त्या देशातून फार थोडे बरोबर नेत होता आणि त्यातले एक काढून घेण्याचा अधिकार मला आहे असे वाटले नाही. तो अधिकार एकाच माणसाला होता. मी त्याच्याकडे पाहिले.

परकार सरांनी उजवा हात छातीवर ठेवला, मान किंचित लववली आणि म्हणाले, "माझं कर्तव्यच होतं."

इंजिन सुरू झाले. लाँच धक्क्यापासून सुटली, तेव्हा सलमा सरांना हात हलवीत होती आणि सर तिला हात हलवीत होते. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होते. ते खोटे नव्हते. त्या आभारांवर त्यांचा विश्वास बसू लागला होता.